खासदार आत असेल तर मस्टरवर काय लिहायचं?

खासदार किंवा आमदार जेलमध्ये आहे आणि तिकडे अधिवेशन चालू आहे, तर त्याचा खाडा नेमका कुठल्या खात्यात टाकतात? हा प्रश्न सगळ्यांनाच पडत नसेल, मला पडतो, कारण माझं आयुष्य मस्टरमध्येच चाललंय. रबाळ्याला एका कंपनीत एचआरला आहे, रोज ठाण्याहून ट्रान्सहार्बर पकडायची आणि दिवसभर पीएल, सीएल, कॉम्प ऑफ, लेट मार्क, बिनपगारी हेच करत बसायचं. मध्ये आमच्याकडचा एक हेल्पर मारामारीच्या केसमध्ये आत गेला आणि त्याची बायको अर्ज घेऊन आली, "मॅडम, ह्यांची रजा टाका ना." आमचे मॅनेजर म्हणाले जेल हे काय रजेचं कारण आहे का, मी म्हटलं साहेब तो फिरायला तर गेला नाहीये, त्याला यायचंय पण येता येत नाहीये, मग त्याला विदाउट इंटिमेशन कसं म्हणायचं. बराच वाद झाला, शेवटी बिनपगारी टाकली. घरी येऊन हे सांगत होते तर सासरे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "खासदारांना मिळते की गं रजा जेलसाठी." मला वाटलं टोमणा मारतायत. टोमणा नव्हता. खरंच मिळते.

तर आधी नियम काय आहे ते सांगते, कारण याबद्दल व्हॉट्सॲपवर वाट्टेल ते फिरतं. राज्यघटनेचं कलम १०१, त्यातला चौथा खंड. खासदार सभागृहाच्या परवानगीशिवाय साठ दिवस सगळ्या बैठकांना गैरहजर राहिला तर सभागृह त्याची जागा रिकामी झाली असं जाहीर करू शकतं. आमदारांसाठी हेच कलम १९० मध्ये आहे, तिथेही चौथाच खंड. करू "शकतं" हं, केलंच पाहिजे असं नाही. आणि हे साठ दिवस कॅलेंडरचे नाहीत, अधिवेशन संस्थगित असतं, म्हणजे सत्र संपलेलं असतं, तो काळ धरायचा नाही, आणि सलग चार दिवसांपेक्षा जास्त तहकुबी असेल तर तेही दिवस सोडायचे. मात्र अधिवेशन चालू असताना मधले शनिवार-रविवार मोजतात. म्हणजे आमच्याकडे रजेच्या मध्ये आलेला रविवार रजेतच धरतात ना, ज्यावरून माझी रोज कोणाशी तरी भांडणं होतात, तो सँडविच नियम थेट संसदेतही आहे. मला हे वाचून इतका आनंद झाला की मी स्क्रीनशॉट काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला.

आता याचं प्रत्यक्षातलं उदाहरण. पंजाबच्या खडूर साहिबचे खासदार अमृतपाल सिंग. २०२३च्या एप्रिलपासून एनएसएखाली, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली, आसामच्या दिब्रुगड जेलमध्ये, तिथूनच २०२४ची लोकसभा लढवली आणि जिंकली, ५ जुलै २०२४ला पॅरोलवर दिल्लीत आणून शपथ दिली आणि परत नेलं. इकडे निवडून आल्यापासून अधिवेशनं येत गेली आणि खाडे साठत गेले, शपथेआधीचेही धरून. पहिलं अधिवेशन २४ जून ते २ जुलै म्हणजे नऊ दिवस, मग २२ जुलै ते ९ ऑगस्ट एकोणीस, मग हिवाळी २५ नोव्हेंबर ते २० डिसेंबर सव्वीस. बेरीज करा, चोपन्न. पुढचं बजेट अधिवेशन ३१ जानेवारी २०२५ला सुरू झालं, म्हणजे पहिल्याच आठवड्यात साठ भरत होते. ते पंजाब आणि हरयाणा हायकोर्टात गेले की मला संसदेत जाऊ द्या नाहीतर माझी जागा जाईल. आणि मार्च २०२५मध्ये केंद्राच्या वकिलांनी कोर्टाला सांगितलं की लोकसभेने त्यांची चोपन्न दिवसांची रजा मंजूर केलीय. झालं, जागा जायची भीतीच संपली आणि कोर्टाने प्रकरण निकाली काढलं.

ही रजा मंजूर कोण करतं तर लोकसभेची एक अख्खी समितीच आहे त्यासाठी, सभागृहाच्या बैठकांना गैरहजर राहणाऱ्या सदस्यांविषयीची समिती, पंधरा खासदार, त्या वेळी अध्यक्ष होते त्रिपुराचे माजी मुख्यमंत्री बिप्लव देव. समिती अर्ज वाचते, कारण बघते, शिफारस करते, सभागृह हो म्हणतं. आजारपण, ऑपरेशन, घरातली अडचण, आणि त्याच रांगेत जेल. राज्यसभेत तर अशी समितीही नाही, सभापती अर्ज वाचून दाखवतात, सभागृहाची परवानगी आहे का विचारतात, सगळे हो म्हणतात, पुढचा विषय. २०१४मध्ये सचिन आणि रेखा यांच्या हजेरीवरून गदारोळ झाला होता तेव्हा सचिनची रजाही अशीच मंजूर झाली होती. आणि साठ दिवसांच्या नियमाने जागा गेल्याचं जे उदाहरण सांगतात ते राज्यसभेतलं, २००० सालचं, पंजाबचे बरजिंदर सिंग हमदर्द यांचं, आणि त्यात तुरुंगाचा काही संबंध नव्हता.

म्हणजे बघा, घटनेने एक दार ठेवलंय पण त्याला कुलूप लावायचं की नाही हे सभागृहाच्या मर्जीवर. आणि सभागृहात बसलेल्यांना हे पक्कं माहितीय की आज त्याच्यावर वेळ आलीय उद्या आपल्यावर येईल.

इथे सासऱ्यांचा मुद्दा आला. ते जिल्हा परिषदेतून रिटायर झाले, आस्थापना शाखेत होते, त्यामुळे त्यांना असले नियम तोंडपाठ. ते म्हणाले, "अगं, आमच्याकडे कारकून अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला की संपलं. मानीव निलंबन. वेगळा आदेश निघायला उशीर झाला तरी अटकेच्या तारखेपासूनच." राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी हे महाराष्ट्र नागरी सेवा शिस्त व अपील नियम, १९७९मध्ये आहे. खरंय ते. मग निर्वाह भत्ता, म्हणजे साधारण अर्ध्या पगाराइतका, आणि सुटून आला तरी लगेच टेबल मिळेल याची खात्री नाही. हे तलाठ्याला, शिक्षकाला, पोलीस शिपायाला सगळ्यांना. आमदार-खासदाराला मात्र निलंबन वगैरे काही नाही, सदस्यत्व तसंच्या तसं. जोपर्यंत कोर्ट, बहुतेक गुन्ह्यांत, दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा सुनावत नाही तोपर्यंत. शिक्षा झाली की मात्र २०१३च्या लिली थॉमस निकालापासून त्याच क्षणी पद जातं, आपल्याकडे सुनील केदारांचं डिसेंबर २०२३मध्ये तसंच गेलं, राहुल गांधींचं त्याच वर्षी मार्चमध्ये गेलं आणि सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिल्यावर ऑगस्टमध्ये परत मिळालं. पण ते शिक्षेचं झालं. आपल्याकडच्या केसेस किती वर्षं चालतात हे ठाणे कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्या कोणालाही सांगायला नको. खरा प्रश्न अटक ते निकाल या मधल्या काळाचा आहे आणि त्या काळाबद्दल नियम जवळजवळ गप्प आहेत.

जवळजवळ म्हटलं कारण एक गोष्ट नियमात व्यवस्थित आहे, कळवायची. लोकसभेचा नियम २२९. खासदाराला अटक केली, कोठडीत टाकलं, शिक्षा झाली, की त्या मॅजिस्ट्रेटने किंवा अधिकाऱ्याने लगेच अध्यक्षांना ठरलेल्या नमुन्यात कळवायचं, कशासाठी धरलं, कुठे ठेवलंय. जामिनावर सुटला की तेही कळवायचं. मग अध्यक्ष ते सभागृहात वाचून दाखवतात, अधिवेशन नसेल तर बुलेटिनमध्ये छापतात. संसदेच्या आवारात अध्यक्षांच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही हेही आहे. पण कळवल्यानंतर पुढे काय करायचं? काही नाही. फाईलला लावायचं.

आणि लोकांचा एक मोठा गैरसमज असतो की अधिवेशन चालू असताना खासदाराला हात लावता येत नाही. ते फक्त दिवाणी प्रकरणात. दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे, अधिवेशन आणि त्याच्या आगेमागे चाळीस दिवस. फौजदारीत शून्य संरक्षण. ऑगस्ट २०२२मध्ये खर्गेंना अधिवेशन चालू असताना ईडीने बोलावलं तेव्हा राज्यसभेत आरडाओरडा झाला आणि व्यंकय्या नायडूंनी सभापती म्हणून स्पष्ट सांगितलं की फौजदारी प्रकरणात तुम्ही इतर नागरिकांसारखेच, आणि त्यासाठी १९६६चा तेव्हाचे सभापती झाकीर हुसेन यांचा दाखला दिला. त्याच्याही आधी १९६५मध्ये सुप्रीम कोर्टाने आनंद नंबियार यांच्या प्रकरणात म्हटलं होतं की कायदेशीर स्थानबद्धता असेल तर खासदाराला अधिवेशनाला हजर राहण्याचा हक्क मागता येत नाही.

हक्क नाही. पण कोर्टाची मर्जी आहे. आणि मग सुरू होते ती लॉटरी, जिचा मला सगळ्यात जास्त वैताग येतो.

पुण्याचे तेव्हाचे खासदार सुरेश कलमाडी २०११मध्ये कॉमनवेल्थ प्रकरणात तिहारमध्ये होते, पावसाळी अधिवेशनाला जाऊ द्या म्हणून दिल्ली हायकोर्टात गेले, कोर्टाने नाही म्हटलं. त्याच्या तीन वर्षं आधी जुलै २००८मध्ये अणुकरारावरून मनमोहन सिंग सरकारचा विश्वासदर्शक ठराव होता तेव्हा पप्पू यादव, शहाबुद्दीन, अतीक अहमद असे कितीतरी जण वेगवेगळ्या जेलमधून दिल्लीत आणले गेले आणि मतदान करून परत गेले. काश्मीरच्या बारामुल्लाचे इंजिनीयर रशीद, ओमर अब्दुल्लांना दोन लाखांहून जास्त मतांनी हरवून तिहारमधून निवडून आलेले, त्यांना फेब्रुवारी २०२५मध्ये दोन दिवसांचा कस्टडी पॅरोल मिळाला, सोबत पोलीस, फोन नाही, इंटरनेट नाही, पत्रकारांशी बोलायचं नाही, फक्त जायचं, बसायचं, यायचं. नंतरच्या वेळी जाऊ तर दिलं पण प्रवास आणि बंदोबस्ताचा खर्च तुम्हीच भरा, दिवसाला जवळपास दीड लाख रुपये. खासदाराचा महिन्याचा पगार १ लाख २४ हजार, तोही २०२५मध्ये वाढवलेला. म्हणजे एक दिवस संसदेत बसायला महिन्याच्या पगाराहून जास्त पैसे. मला रशीद यांच्यावरच्या आरोपांबद्दल काही म्हणायचं नाहीये, ते एनआयए आणि कोर्ट बघेल. मला बारामुल्लातल्या मतदाराबद्दल म्हणायचंय. त्याने मत दिलं, निवडणूक आयोगाने उमेदवारी चालवून घेतली, सर्टिफिकेट दिलं, शपथ दिली, आणि आता त्याच्या खासदाराने सभागृहात बसायचं की नाही हे कधी कुठल्या न्यायाधीशांसमोर प्रकरण लागतं त्यावर.

लांब कशाला, आपल्याकडचं जून २०२२ आठवा. तेव्हा ट्रेनमध्ये, नाक्यावर, लग्नात, सगळीकडे एकच विषय होता, आणि ठाण्यात तर विचारूच नका. त्या सगळ्या गोंधळात अनिल देशमुख आणि नवाब मलिक दोघं आत होते. १० जूनला राज्यसभेची निवडणूक, एकेका मताला सोन्याचा भाव, या दोघांनी अर्ज केला, कोर्टाने नकार दिला, कारण लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५)मध्ये तुरुंगात असलेल्याला मतदान करता येत नाही असं आहे. २० जूनला विधान परिषदेची निवडणूक, परत तेच, सुप्रीम कोर्टानेही दिलासा दिला नाही. आणि नऊ दिवसांनी, २९ जूनला रात्री, त्याच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की उद्याच्या बहुमत चाचणीला या दोघांना न्या, सीबीआय आणि ईडीच्या बंदोबस्तात, मतदान झालं की परत आणा. कायद्याने बघितलं तर विसंगती नाही, निवडणुकीतलं मत वेगळं आणि सभागृहातलं मत वेगळं, ६२(५) फक्त पहिल्याला लागू. पण सामान्य माणसाला हे समजावून सांगून बघा. बरं, गंमत म्हणजे त्याच रात्री उद्धव ठाकरेंनी राजीनामा दिला, ती चाचणी झालीच नाही, आणि ४ जुलैला आपले कोपरी-पाचपाखाडीचे एकनाथ शिंदे १६४ विरुद्ध ९९ असा ठराव जिंकले तेव्हा देशमुख-मलिक दोघंही सभागृहात नव्हते. आकडा बघता त्यांच्या दोन मतांनी काही फरक पडला नसता हे मान्य. पण एखाद्या वेळी पडेल की.

आणि २०१७ची राष्ट्रपती निवडणूक, तेव्हा छगन भुजबळ जेलमधून विधानभवनात येऊन मतदान करून गेले होते, मोहोळचे आमदार रमेश कदमही. रमेश कदम म्हटल्यावर ठाणेकरांना लगेच आठवेल. अण्णाभाऊ साठे महामंडळाच्या प्रकरणात २०१५मध्ये अटक झालेले हे आमदार नंतर आपल्या ठाणे जेलमध्येच होते आणि ऑक्टोबर २०१९मध्ये, विधानसभेच्या मतदानाच्या तोंडावर, दवाखान्यात नेतो म्हणून बाहेर काढलेले हे साहेब पोलिसांच्या धाडीत घोडबंदर रोडच्या एका फ्लॅटमध्ये सापडले, सोबत त्रेपन्न लाखांच्या आसपास रोकड. मोहोळच्या लोकांना पाच वर्षांच्या टर्ममधली चारएक वर्षं आमदार जेलमध्ये आणि आम्हाला घोडबंदरला. (त्या ट्रॅफिकमधून जेलची गाडी वेळेत कशी पोचली हा माझा अजूनही प्रश्न आहे.)

हसण्यावारी नेऊ नका, कारण त्या चार वर्षांत मोहोळच्या पाण्याचा, रस्त्याचा, ऊसबिलाचा प्रश्न विधानसभेत कोणी मांडला? शेजारच्या आमदाराने मांडला असेल तर त्याचा चांगुलपणा. नियमात त्याची काही सोय नाही. ठाण्यात २०१५मध्ये एका बिल्डरच्या आत्महत्येच्या प्रकरणात चार नगरसेवक आत गेले होते तेव्हाही त्या त्या वॉर्डात तुंबलेल्या गटाराची तक्रार कोणाकडे करायची हा प्रश्न लोकांना पडलाच असणार.

मग माझं म्हणणं काय, अटक झाली की लगेच जागा रिकामी करा? सासऱ्यांचं म्हणणं तेच आहे. कारकुनाला एक न्याय आणि आमदाराला दुसरा का, अठ्ठेचाळीस तास म्हणजे अठ्ठेचाळीस तास. ऐकायला फार बरं वाटतं. पण मी त्यांना मधू दंडवतेंची आठवण करून दिली, ते गप्पच झाले, कारण कोकणातल्या माणसासमोर दंडवतेंचं नाव काढलं की वाद थांबतो. दंडवते तेव्हा राजापूरचे खासदार. आणीबाणी लागली तेव्हा २६ जून १९७५ला बंगळुरूमध्ये धरले गेले, वाजपेयी आणि अडवाणींबरोबर, आणि ते तिथे कशासाठी गेले होते तर पक्षांतरबंदीवरच्या संसदीय समितीच्या बैठकीसाठी. म्हणजे संसदेच्याच कामाला गेलेला माणूस संसदेला गैरहजर. पुढे जुलैत अधिवेशन भरलं, विरोधी बाकांवरची कितीतरी माणसं जेलमध्ये, आणि घटनादुरुस्त्या धडाधड मंजूर. तेव्हा जर अठ्ठेचाळीस तासांचा नियम असता तर इंदिराबाईंना विरोधी पक्ष कायमचाच पुसून टाकता आला असता, निलंबित करून करून. कारकुनाला अटक करून सरकारला काही मिळत नाही, आमदाराला अटक करून बहुमत मिळू शकतं. हा फरक मोठा आहे.

आणि त्याच काळातली सुब्रमण्यम स्वामींची गोष्ट तर मला फार आवडते, माणूस आवडो न आवडो. वॉरंट निघालेलं, ते परदेशात, राज्यसभेची हजेरी बुडत चाललेली. १० ऑगस्ट १९७६ला हा माणूस सरळ सभागृहात हजर. श्रद्धांजलीचा कार्यक्रम चालू होता, उभे राहून हरकतीचा मुद्दा काढला की वारलेल्यांच्या यादीत तुम्ही लोकशाहीचं नाव विसरलात, अशा अर्थाचं काहीतरी, सगळे अवाक, आणि पोलिसांना कळेपर्यंत हे बाहेर पडून पसार, परत देशाबाहेर. हजेरी लागली! मग सभागृहाने नोव्हेंबरमध्ये त्यांना बडतर्फच केलं. याच्या उलट मधू लिमये आणि शरद यादव, त्यांनी लोकसभेची मुदत वाढवली म्हणून जेलमधूनच राजीनामे दिले, आम्हाला पाच वर्षांसाठीच निवडून दिलंय म्हणून. एकाने खुर्ची टिकवायला जिवावर उदार होऊन हजेरी लावली, दोघांनी मिळालेली खुर्ची सोडली, आणि नियमाच्या पुस्तकात तिघंही गैरहजर.

म्हणून जागा रिकामी करणं हा उपाय नाही असं माझं मत. आरोप करणारी यंत्रणा सरकारच्या हातात असते तोपर्यंत तरी नाही.

एक उलटी बाजूपण आहे जी आपल्याच जिल्ह्यात घडलीय. सभागृहाला गैरहजर ते झालं, पण कोर्टाला गैरहजर राहायला सभागृहाचं कारण चालतं का? भिवंडी कोर्टात राहुल गांधींवर मानहानीची केस आहे, जून २०१८मध्ये ते स्वतः आले होते, आरोप निश्चित झाले, त्या दिवशी भिवंडीत काय गर्दी होती. मग दर तारखेला यायचं का यावर बराच काळ अर्ज चालले आणि एप्रिल २०२३मध्ये कोर्टाने त्यांना प्रत्यक्ष हजेरीतून कायमची सूट दिली. दुसरीकडे प्रज्ञा ठाकूर, २०१९मध्ये भोपाळमधून निवडून आल्यावर मुंबईच्या एनआयए कोर्टाला म्हणाल्या संसद चालू आहे, मला सूट द्या, त्या वेळी कोर्टाने नाही सांगितलं. (पुढे २०२५मध्ये मालेगाव प्रकरणात त्या निर्दोष सुटल्या.) म्हणजे इथेही ज्याची त्याची केस, ज्याचं त्याचं कोर्ट.

बाहेर काय करतात ते शोधलं थोडं. स्पेनमध्ये २०१९ साली कॅटलोनिया प्रांत वेगळा मागणारे चार नेते जेलमधून खासदार झाले, मे महिन्यात पोलीस बंदोबस्तात येऊन शपथ घेतली आणि तीनच दिवसांत संसदेने त्या चौघांना निलंबित केलं. मला हे अजिबात पटलं नाही, शपथ तरी कशाला दिलीत मग. ब्रिटनचं जास्त विचार करण्यासारखं आहे. तिथे २०१५पासून रिकॉलचा कायदा आहे, खासदाराला तुरुंगवासाची शिक्षा झाली, अगदी थोड्या दिवसांची का असेना, की मतदारसंघात सह्यांचं रजिस्टर उघडतात आणि सहा आठवड्यांत दहा टक्के मतदारांनी सही केली की जागा रिकामी, पोटनिवडणूक. पीटरबरोच्या खासदार फिओना ओनासान्या यांची जागा २०१९मध्ये अशीच गेली, आणि मूळ प्रकरण काय तर गाडी जोरात चालवल्याच्या चलनावरून पोलिसांशी खोटं बोलल्या. चलनावरून! आपल्याकडे तीन हात नाक्यावर उभं राहून मोजायला लागलो तर. आणि २०२४च्या मे महिन्यात तिथल्या कॉमन्स सभागृहाने आणखी एक ठरवलं, १७० विरुद्ध १६९, एका मताने, की लैंगिक किंवा हिंसेच्या गुन्ह्यात खासदाराला अटक झाली तर तिथल्या कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेचा विचार करून त्याला संसदेच्या इमारतीत यायला बंदी घालता येईल. आरोपपत्राचीही वाट नाही बघायची. हे आपल्याकडे कसं वापरलं जाईल या विचाराने मला घाम फुटला, पण त्यांनी निदान प्रश्नावर मतदान तरी घेतलं.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५मध्ये १३०वं घटनादुरुस्ती विधेयक आलं, पाच वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात सलग तीस दिवस कोठडीत असलेला मंत्री, मुख्यमंत्री, पंतप्रधानसुद्धा, पदावरून जाणार. संयुक्त समितीकडे पाठवलं. नवाब मलिक आत असूनही बिनखात्याचे मंत्री राहिले होते, केजरीवाल तिहारमधून मुख्यमंत्री होते, त्यामुळे हे कुठून आलं ते कळतं. सासरे खूश झाले होते, मी नाही, कारण तीस दिवस जामीन न मिळू देणं आपल्याकडे काही अवघड नाही. पण मुद्दा तो नाही, मुद्दा हा की त्यात साध्या खासदार-आमदाराचा विषयच नाही. मंत्र्याच्या जागी दुसरा मंत्री उद्या सकाळी येतो. आमदाराच्या जागी कोणी येत नाही.

आमच्या कंपनीत माणूस लांबच्या रजेवर गेला की आम्ही पहिल्यांदा विचारतो त्याचं काम कोण बघणार. रजा मंजूर करणारी संसदेची समिती कारण विचारते, तारखा मोजते, पण अर्जावर हा रकाना नाही. माझं सगळं भांडण त्या एका रकान्यासाठी आहे.

काय करता येईल? पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला मद्रास हायकोर्टाने, परत एका नंबियार यांच्याच प्रकरणात, म्हटलंय की स्थानबद्ध सदस्याला सभागृहाशी, अध्यक्षांशी पत्रव्यवहार करायचा हक्क आहे आणि सरकारने ती पत्रं अडवायची नाहीत. म्हणजे कागद पोचतो. कागद पोचतो तर लेखी प्रश्न पोचायला काय हरकत आहे, मंत्र्याने लेखी उत्तर द्यायचं, ते सभागृहाच्या कामकाजात छापायचं, माणूस आत असला तरी मतदारसंघाचा प्रश्न बाहेर येतो. भाषण नको, मतदान नको, टीव्ही नको, खर्च पोस्टाचा. आणि हजर राहायला द्यायचं की नाही हे ठरवताना कोर्टाला धरायला काहीतरी निकष हवेत, म्हणजे विश्वासदर्शक ठराव किंवा घटनादुरुस्ती असेल तर बंदोबस्तात न्यायचंच, खर्च सभागृहाने करायचा, खासदाराच्या खिशातून नाही, कारण तो त्याच्या घरच्या कामाला जात नाहीये. आणि रजा चालू असेपर्यंत मतदारसंघाच्या वेबसाइटवर किंवा कलेक्टर ऑफिसच्या बोर्डावर स्पष्ट लिहा की खासदार अमुक तारखेपासून रजेवर, कारण अमुक, अर्ज अमुक ठिकाणी द्या. आमच्या गेटवर सिक्युरिटीसुद्धा एवढं सांगतो.

यातल्या प्रश्नांच्या भागाला घटनादुरुस्ती लागत नाही. कामकाजाचे नियम सभागृह स्वतः बनवतं आणि स्वतः बदलतं, लोकसभेत त्यासाठी नियम समिती आहे आणि तिचे प्रमुख खुद्द अध्यक्ष असतात. सासरे म्हणतात तुला कोण विचारतंय, मी म्हटलं कोणी विचारत नाही म्हणून तर लिहिते, आणि हेच सगळं जरा नीट मराठीत टाइप करून आमच्या खासदारांच्या ऑफिसला देणार आहे, पोच घेऊन. त्यावर ते म्हणाले पोचेवर शिक्का आणि आवक क्रमांक दोन्ही बघून घे, नुसती सही चालत नाही.